घरात नसलेल्या माणसाशी संसार

नवरा आता या जगात नाही, हे झुयेनला कळलं आहे. तिच्या सासऱ्यांना कळलेलं नाही. म्हातारा आजारी आहे, आज ना उद्या मुलाचं पत्र येईल म्हणून वाट बघत पडला आहे. झुयेन नवऱ्याला भेटायला दूर दक्षिणेत गेली आणि तिथं तिच्या हातात कागद पडला: कंबोडियाच्या सरहद्दीवर तो मारला गेला. परतताना ती नावेतून नदीत पडते. गावच्या शाळेतला मास्तर खांग तिला बाहेर काढतो आणि तो कागद त्याच्याही नजरेस पडतो. आता सगळ्या गावात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. मग झुयेन मास्तरकडे जाते आणि त्याला गळ घालते की माझ्या नवऱ्याच्या नावानं घरी पत्रं लिहून द्या.

डांग न्हात मिन्ह यांचा 'दहावा महिना कधी येईल' हा १९८४ चा चित्रपट असा सुरू होतो. व्हिएतनामी सिनेमातल्या प्रेमकथा मी गेली काही वर्षं जमेल तशा, मिळतील तिथून बघत आले आहे, आणि दर वेळी फिरून याच प्रसंगापाशी येते. या सिनेमात प्रेम करणारी दोन माणसं एकमेकांसमोर निवांत बसलेली फार कमी वेळा दिसतात. मध्ये तिसरं कुणीतरी असतं आणि ते बहुतेक वेळा घरात नसतं. ते सरहद्दीवर असतं, नदीच्या पलीकडच्या काठावर असतं, मातीखाली असतं. त्या नसलेल्या माणसाशी बायका संसार करतात. त्याच्या बापाचं औषधपाणी बघतात, त्याचं पोर वाढवतात, त्याचा मान राखतात. या संसाराची किंमत किती आणि ती मोजतं कोण, याचा हिशेब मांडताना तिथल्या चांगल्या दिग्दर्शकांनी हात आखडता घेतलेला नाही. म्हणून हा सिनेमा मला जवळचा वाटतो.

खांगची अवस्था बघा. मेलेल्या माणसाच्या जागी बसून त्याला पत्र लिहायचं आहे. पत्र म्हटलं की खुशाली आली, वडिलांच्या तब्येतीची चौकशी आली, बायकोसाठी चार शब्द आले. हे चार शब्द लिहायचे कुणाच्या मनातून? नवऱ्याचं मन तर त्याला माहीत नाही. ते स्वतःच्याच मनातून काढावे लागतात, आणि एकदा काढले की परत आत ठेवता येत नाहीत. मास्तरचा जीव झुयेनवर जडतो. ती ते ओळखते. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. गाव मात्र बोलायला लागतं. नवरा लढाईवर गेलाय आणि ही मास्तरबरोबर, अशी कुजबुज सुरू होते. तिला एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. पण ते वाक्य म्हणजे 'माझा नवरा गेला', आणि तेच तिला उच्चारायचं नाही.

याच सुमारास गावात चेओचा खेळ असतो. चेओ म्हणजे उत्तरेकडच्या लाल नदीच्या खोऱ्यातलं लोकनाट्य. झुयेन चांगलं काम करायची, म्हणून तिला आग्रहानं उभं करतात. भूमिका कुठली, तर लढाईवर निघालेल्या नवऱ्याला निरोप देणाऱ्या बायकोची. प्रेक्षकांना नाटक दिसतंय, तिला दुसरंच काहीतरी. रंगमंचावरच तिचा बांध फुटतो आणि ती तशीच, नाटकातल्या वेशात, पळत सुटते. ले वान या अभिनेत्रीनं हे ज्या तऱ्हेनं केलं आहे ते मला अजून पूर्ण बघवत नाही. हुंदका यायच्या आधी क्षणभर तिचा चेहरा अगदी कोरा होतो. आपण नाटकात आहोत की घरात, हे तिला त्या क्षणी खरोखर कळत नसावं.

चित्रपटात मेलेल्यांचा बाजारही आहे. सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला आत्मे मोकळे होतात, अशी तिथं श्रद्धा. आपल्या पितृपंधरवड्याचं नातलग शोभेल असा तो दिवस. त्या दिवशी जिवंत आणि मेलेली माणसं एका बाजारात भेटतात ही जुनी लोककल्पना दिग्दर्शकानं घेतली आणि झुयेनला तिथं नवऱ्यासमोर उभं केलं. तो गणवेशातच आहे. बोलणं होतं, पण मधलं अंतर काही मिटत नाही. साम्यवादी राजवटीत भुताखेतांचा बाजार पडद्यावर दाखवायचा म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी, म्हणून या प्रसंगापायी चित्रपटाला मंजुरीसाठी पुन्हापुन्हा खेपा घालाव्या लागल्या. दिग्दर्शक हटले नाहीत. तो प्रसंग कापला असता तर झुयेनला नवऱ्याशी बोलायला जागाच उरली नसती. सबंध चित्रपटात ती जे कुणाला सांगत नाही ते सांगण्याची ती एकच जागा.

हा चित्रपट मी माझ्या आत्याला दाखवला. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावात घराघरातून फौजेत माणूस. मामा, म्हणजे तिचे यजमान, हयातभर पलटणीत होते. लॅपटॉप समोर ठेवून मी सबटायटलं मराठीत वाचून दाखवत होते आणि ती मांडीवरच्या ताटात लसूण सोलत बघत होती. पत्र घरी आल्यावर तिचा हात थांबला.

"अक्षर कसं वळखलं न्हाई गं म्हाताऱ्यानं?"

माझ्या मनात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. मग तिनं सांगितलं. मामांचं अक्षर किरटं, म्हणून त्यांच्या कंपनीतला नगरकडचा एक जवान त्यांची पत्रं लिहून द्यायचा. आत्याची शाळा चौथीपर्यंत, पण त्या नगरवाल्याचं वळण तिला पाठ झालं होतं. पाकिटावरचा पत्ता बघूनच तिला कळायचं. एकदा पत्र आलं ते परक्याच अक्षरात. मजकूर रोजचाच, इकडे सर्व ठीक, काळजी नसावी. आत्यानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. सासूबाई विचारत राहिल्या, ही काही बोलली नाही. पुढच्या पत्रात उलगडा झाला की नगरवाला रजेवर गेला होता. "अक्षर बदललं म्हंजे मानूस हाय का गेलं, काय समजायचं?" एवढं बोलून तिनं पुन्हा लसूण हातात घेतला. चित्रपट संपल्यावर झुयेनबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "त्या मास्तराला गावानं ऱ्हाऊ द्यायला पायजे हुतं." खांगला गाव सोडून दुसरीकडे जावं लागतं, ते तिला लागलं होतं. पत्र लिहून देणाऱ्या माणसाचं ऋण काय असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

ही वाट बघण्याची सवय तिथल्या सिनेमाला पहिल्यापासून आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानं देश १७ व्या अक्षांशावर दुभंगला. दक्षिणेतले व्हिएतमिन्हचे, म्हणजे फ्रेंचांशी लढलेल्या कम्युनिस्ट आघाडीचे, सैनिक आणि कार्यकर्ते ठरल्याप्रमाणे उत्तरेत गेले. दोन वर्षांनी, १९५६ साली, निवडणुका होऊन देश पुन्हा एक होणार होता. म्हणून निघताना माणसं घरच्यांना हाताची दोन बोटं वर करून दाखवत: दोन वर्षांत येतो. निवडणुका झाल्याच नाहीत. दोनाची वीस झाली. उत्तर व्हिएतनाममध्ये १९५९ साली जो पहिला कथापट निघाला, 'एकाच नदीवर', त्याचं कथानकच हे होतं. बेन हाय नदीच्या एका काठावर होआय, दुसऱ्या काठावर व्हान. दोघांचं लग्न ठरलेलं, आणि मधल्या नदीची एकाएकी सीमा झालेली. चित्रपट प्रचारकी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एका देशाचा सिनेमा आपल्या पहिल्याच कथेत दोन प्रेमिकांना दोन काठांवर उभं करतो आणि पुढची कित्येक दशकं त्या दोन काठांपासून त्याची सुटका होत नाही, हे मला विलक्षण वाटतं.

ती दोन बोटं दाखवून गेलेला माणूस परत आला तर काय होतं? यावर न्गुयेन थान्ह व्हान यांनी १९९९ मध्ये 'वाळूतलं जिणं' केला. मूळ कथेचं नाव 'फलाटावरची तिघं'. मध्य व्हिएतनाममधलं वाळूनं वेढलेलं किनाऱ्याचं गाव. थोआ तिथं वीस वर्षं नवऱ्याची वाट बघत राहिली आहे. १९७५ ला युद्ध संपलं आणि नवरा, कान्ह, घरी आला. पण उत्तरेत त्यानं दुसरं लग्न केलं आहे आणि त्या बायकोपासून त्याला मुलगी आहे. पुढे ती दुसरी बायकोही मुलीला घेऊन या घरी येते.

आता इथं खलनायक कोण? कान्हला शिव्या घालणं सोपं आहे आणि पहिल्यांदा बघताना मी मनातल्या मनात घातल्याही. पण जिवंत परत जाऊ की नाही याची खात्री नसलेला, वीस वर्षं परमुलखात राहिलेला माणूस आहे तो. दुसरी बायको टाम हीसुद्धा कुणाचं काही हिसकावून घ्यायला आलेली नाही. आणि थोआ? तिच्याकडे सांगायला एकच गोष्ट आहे, मी वाट बघितली. त्या वाट बघण्यावर तिचा सगळा अधिकार उभा आहे, आणि नवरा तो अधिकार मान्य करूनही तिला तिची वीस वर्षं परत देऊ शकत नाही. तो घरात आहे, ताटावर बसला आहे, आणि तरी पूर्ण आलेला नाही. त्याचं अर्धं मन उत्तरेत आहे. दिग्दर्शकानं या तिघांपैकी कुणालाही लहान केलेलं नाही. शेजारी एक पाय गमावलेली हाओ आहे. युद्धानं तरुण पुरुष नेले, त्यामुळे तिच्यासारखीला आपलं म्हणावं असं माणूस मिळण्याची शक्यताच जवळजवळ संपली आहे. होंग आन्ह या अभिनेत्रीची ती भूमिका. थोआकडे निदान वाट बघायला कुणी होतं, हाओकडे तेही नाही, हे तिच्याकडे बघताना सारखं जाणवत राहतं.

नवराबायको एकाच छपराखाली असलेली युद्धकाळातली प्रेमकथा मला एकच भावली, होंग सेन यांची १९७९ ची 'उजाड शिवार'. मेकाँगच्या खोऱ्यातली दोंग थाप मुओइची पाणथळ जमीन. पुराच्या पाण्यात खांबांवर उभी झोपडी, त्यात बा डो, त्याची बायको साव शोआ आणि तान्हं बाळ. वरून अमेरिकी हेलिकॉप्टर घिरट्या घालायला लागलं की बाळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, पिशवीचं तोंड आवळतात आणि त्याच्यासकट पाण्याखाली जातात. हेलिकॉप्टर पुढे गेलं की वर येतात, पिशवी सोडतात, बाळ श्वास घेतं, आणि उरलेला स्वयंपाक पुढे सुरू होतो. त्यांची भांडणंही होतात, अगदी नेहमीची नवराबायकोची. या चित्रपटाला १९८१ साली मॉस्कोच्या महोत्सवात सुवर्णपदक मिळालं. पिशवीचं तोंड बांधणारे चार हात एकमेकांना न विचारता कामाला लागतात, तेवढ्यात त्यांच्या लग्नाबद्दल सगळं कळतं.

युद्धातल्या निष्ठेचा पोवाडा गाणारे चित्रपट तिथं पुष्कळ आहेत. ते मी बघते आणि विसरते. त्या पोवाड्याला सुरुंग लावणारा चित्रपट पुन्हा डांग न्हात मिन्ह यांनीच केला, १९८७ मध्ये: 'नदीवरची मुलगी'. ह्वे शहर, परफ्यूम नदी, आणि नदीतल्या होडीत देहविक्रय करणारी न्गुयेत. युद्धाच्या काळात ती एका भूमिगत क्रांतिकारकाला आपल्या होडीत लपवते, त्याचा जीव वाचवते. तो तिला शब्द देतो. युद्ध संपतं, तो मोठा अधिकारी होतो. न्गुयेत त्याला शोधत जाते, तर तो ओळख दाखवत नाही. तिची कहाणी एक पत्रकार लिहून काढते आणि तो लेख छापला जाऊ नये याची व्यवस्था केली जाते. पत्रकार त्याच अधिकाऱ्याची बायको निघते.

इथं गैरहजर माणूस जिवंत आहे, त्याच शहरात आहे, आणि ठरवून गैरहजर आहे. सरकारी पैशावर सिनेमा बनणाऱ्या देशात, 'दोई मोई'च्या आर्थिक सुधारणांची नुकती कुठे सुरुवात झालेली असताना, क्रांतिकारकाला कृतघ्न दाखवायचं आणि वेश्येला निष्ठावंत, याला धैर्य लागतं. मला त्यातली पत्रकार बाई जास्त आवडते. परक्या बाईची गोष्ट ऐकता ऐकता तिला स्वतःच्या नवऱ्याची ओळख होते. प्रेम संपण्याचा एवढा स्वच्छ प्रसंग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तिथं आरडाओरडा नाही, नुसतं तिला कळतं.

जगाला व्हिएतनामी सिनेमा कळला तो मात्र पॅरिसच्या वाटेनं. ट्रान आन्ह हुंग लहानपणीच फ्रान्समध्ये आले. १९९३ चा त्यांचा 'द सेंट ऑफ ग्रीन पपाया' सायगॉनमध्ये घडतो, पण तो चित्रित झाला पॅरिसजवळच्या स्टुडिओत. अंगण, जाळीच्या खिडक्या, पपईचं झाड, सगळं उभं केलेलं. कानच्या महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा दोर मिळाला, पुढे ऑस्करचं नामांकन. कच्ची पपई चिरल्यावर आतल्या पांढऱ्या बिया मुई ही पोरगी ज्या नवलानं बोटानं चाचपते, ते दृश्य ज्यानं पाहिलं तो विसरणार नाही. ती मोठी होते, पियानो वाजवणाऱ्या खुयेनच्या घरी कामाला जाते. तो लग्न ठरलेला, श्रीमंत. ही अबोल. त्याच्या वाग्दत्त वधूची लिपस्टिक आरशासमोर लावून बघणाऱ्या मुईला तो बघतो, आणि तिथून तो आपल्या ठरलेल्या लग्नापासून दूर व्हायला लागतो.

चित्रपट देखणा आहे याबद्दल दुमत नाही. पण माझं त्याच्याशी पूर्ण जमत नाही. मुईला प्रेम लाभतं ते उत्तम सेवा करण्याबद्दल बक्षीस मिळावं तसं. तिला 'नाही' म्हणता आलं असतं का, हे विचारायला चित्रपट थांबत नाही. शेवटी ती वाचायला शिकते आणि मोठ्यानं वाचते, तिचा आवाज खोलीभर भरतो, तेव्हा थोडंसं बरं वाटतं. माझं मन गुंततं ते त्यातल्या दुसऱ्याच जोडीत. मुई लहानपणी ज्या घरात काम करते तिथली आजी वरच्या मजल्यावर देवापुढे दिवस काढते, खाली येत नाही. एक म्हातारा तरुणपणापासून तिच्यावर जीव लावून आहे. तो घराच्या आसपास घुटमळतो, आणि आजी कशा आहेत म्हणून या मोलकरीण पोरीला विचारतो. एवढंच. सबंध चित्रपटात मला हे सगळ्यात खरं प्रेम वाटलं, आणि त्याला मोजकीच मिनिटं मिळाली आहेत.

२००० साली त्याच दिग्दर्शकानं हनोईत 'व्हर्टिकल रे ऑफ द सन' केला, तो मला जास्त जवळचा. आईच्या वर्षश्राद्धाला सुरू होतो, महिन्याभरानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला संपतो. तीन बहिणी एकत्र बसून कोंबड्या साफ करतात, खिदळतात, आईचं कॉलेजच्या दिवसांत कुणावर प्रेम होतं का याच्या गप्पा मारतात. आईबाप म्हणजे आदर्श जोडपं, असं त्यांनी धरून ठेवलं आहे. इकडे थोरलीच्या नवऱ्याचं दूर समुद्रकाठी दुसरं बिऱ्हाड आहे, पोर आहे, आणि थोरलीचंही बाहेर कुणी आहे. मधलीच्या नवऱ्याबद्दल तिला संशय आहे. तरी जेवणं होतात, फळं चिरली जातात, पावसात खिडक्या लावल्या जातात. मेलेल्या आईबापांचं लग्न जिवंत पोरींच्या लग्नावर सावली धरून उभं आहे, आणि ती सावली हवीशी आहे की नकोशी हे त्या पोरींना ठरवता येत नाही.

इथं नटांविषयी थोडं विषयांतर करते. यातली मधली बहीण झालेली ले खान ही 'दहावा महिना'मधल्या ले वानची सख्खी धाकटी बहीण. थोरली झालेल्या न्हू क्विन्हला व्हिएतनामी प्रेक्षक १९७४ च्या 'ठरल्या वेळी पुन्हा'पासून ओळखतात. बाक निन्हच्या क्वान हो गायकांची ती प्रेमकथा. क्वान होमध्ये एका गावच्या बायका आणि दुसऱ्या गावचे पुरुष जोडीनं एकमेकांना उत्तरं देत गातात, आणि बंधुभावानं जोडलेल्या अशा दोन गावांतल्या गायकांनी आपसात लग्न करायचं नाही अशी जुनी रीत होती. गाणी सगळी प्रेमाची, विरहाची, 'जाऊ नका, थांबा' अशी. गाणारे त्या गाण्यांचं पुढे काही करू शकत नाहीत. या परंपरेतून आलेल्या प्रेक्षकाला न बोललेलं प्रेम समजावून सांगावं लागत नसेल.

'थ्री सीझन्स'बद्दल थोडक्यात. टोनी बुई यांचा १९९९ चा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालेला. सायकलरिक्षावाला हाय शर्यतीत जिंकलेले पैसे लान या वेश्येला देतो आणि एवढंच मागतो की एक रात्र थंडगार खोलीत तिनं शांत झोपावं. सुंदर कल्पना, आणि तरी मला त्यात पुरुषाची स्वतःच्या चांगुलपणावरची माया जास्त दिसते. न्गुयेतची होडी पाहिल्यावर हे पचत नाही.

'सोंग लांग'नं मात्र मला पुरतं गाठलं. लिऑन ले यांचा २०१८ चा चित्रपट, काळ १९८० च्या दशकातला, जागा सायगॉन, आणि सगळा काय लुओंग या दक्षिणेतल्या गायननाट्याच्या नेपथ्यात बुडालेला. युंग सावकारासाठी वसुली करणारा गुंड. तो एका मंडळीकडे पैसे मागायला येतो, पोशाख जाळायची धमकी देतो, आणि तिथं त्याची गाठ पडते तरुण नट लिन्ह फुंगशी. पुढे एका रात्री खाणावळीत मारामारी होते, लिन्ह फुंग बेशुद्ध पडतो, युंग त्याला आपल्या खोलीवर नेतो. दोघं व्हिडिओ गेम खेळतात. वीज जाते. गच्चीवर जातात. बोलणं निघतं तेव्हा कळतं की युंगचे वडील याच रंगभूमीचे वादक होते आणि आई नटी होती, घर सोडून गेलेली. युंग वडिलांचं वाद्य हातात घेतो, लिन्ह फुंग गातो.

प्रेम हा शब्द कुणीही उच्चारत नाही, स्पर्शही जवळपास नाही. दोघांच्या मध्ये इथंही गैरहजर माणसं आहेत, दोघांचेही आईबाप. चित्रपटाचं नाव ज्या वाद्यावरून आलं ते सोंग लांग म्हणजे पायानं ठोका द्यायची छोटी लाकडी टाळी, सगळ्या गाण्याचा ठेका तिच्यावर. दुसऱ्या रात्री मंडळीचा 'मी चाऊ आणि त्रोंग थुई'चा प्रयोग आहे. नवऱ्यावर विश्वास ठेवून वाटेवर हंसाची पिसं टाकत गेलेल्या राजकन्येची ती कथा, त्या पिसांच्या मागावर शत्रू येतो. युंग मंडळीत सामील व्हायचं ठरवून येतो आणि थिएटरबाहेर त्याच्या वसुलीचं पाप त्याला गाठतं. आत खेळ चालू राहतो. लिन्ह फुंगला युंग येईल की नाही हे ठाऊक नाही, तो भूमिका करत राहतो. मला झुयेन आठवली. तिला खरं ठाऊक होतं म्हणून तिचं नाटक मोडलं. याला ठाऊक नाही म्हणून याचं रंगलं.

अलीकडच्या लोकप्रिय चित्रपटांत एक बदल दिसतो आणि तो मला पुरेसा पटलेला नाही. व्हिक्टर वू यांच्या २०१९ च्या 'मात बिएक'मध्ये न्गान हा लहानपणापासून हा लानवर प्रेम करतो, ती शहरात दुसऱ्याच्या नादी लागते, फसते, आणि हा तिच्या मुलीलाही माया लावत वाट बघत राहतो. न्गुयेन न्हात आन्ह यांची कादंबरी तिथल्या तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी वाचली आहे. चित्रपट आल्यावर त्यातलं ह्वेजवळचं एकटं झाड बघायला माणसांच्या रांगा लागल्या. पण न्गानला वाट बघायला ना युद्धानं लावलं, ना सीमेनं, ना सासरच्या माणसांनी. ती त्याची निवड आहे, आणि चित्रपट त्या निवडीला हिरव्यागार टेकड्या आणि गाणी बहाल करतो. थोआच्या वाळूत असलं काही उगवत नव्हतं.

म्हणून ट्रान थान्ह यांच्या 'मै'चं मला कौतुक वाटलं. २०२४ च्या तेत सणाला, म्हणजे तिथल्या नववर्षाला, आलेल्या या चित्रपटानं ५०० अब्ज डाँगच्या वर धंदा केला. चित्रपट लांबलेला आहे, रडवायला उतावीळ आहे, हे सगळं मान्य. पण नायिका आहे पस्तिशी ओलांडलेली मालिश करणारी बाई, मोठ्या मुलीची आई, जुगारी बापाची लेक. सात वर्षांनी लहान असलेला श्रीमंत घरचा मुलगा तिच्यावर खरोखर प्रेम करतो. आणि मै त्याला सोडून निघून जाते. वाट बघ म्हणत नाही, बघतही नाही. हनोईच्या जुन्या चित्रपटातल्या बाईला हे पाऊल उचलता आलं नसतं. मै ते उचलते, त्यात ती सुखी नाही, आणि तिथल्या लाखो प्रेक्षकांनी तिकीट काढून हे बघितलं.

तरी जुनं ओझं सरलेलं नाही. त्याच २०२४ साली त्रुओंग मिन्ह क्वी यांचा 'व्हिएत अँड नाम' कानला दाखवला गेला. कोळशाच्या खाणीत काम करणारे दोन तरुण एकमेकांचे प्रियकर आहेत. खाणीच्या काळोखात दोघं एकमेकांना बिलगलेले असतात आणि भोवतीचे कोळशाचे कण ताऱ्यांसारखे चमकतात. नामला चोरवाटेनं परदेशी जायचं आहे. पण त्याआधी वडिलांचे अवशेष शोधायचे आहेत, जे तो जन्मण्याआधी युद्धात गेले आणि ज्यांना कुठे पुरलं ते कुणालाच माहीत नाही. आई, मुलगा, मुलाचा प्रियकर आणि वडिलांचा जुना सोबती असे चौघं दक्षिणेला निघतात. व्हिएतनाममध्ये युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या सैनिकांचा आकडा तीन लाखांच्या घरात सांगितला जातो. नामची आई त्यातल्या एकाशी आयुष्यभर संसार करत आली आहे, आणि आता मुलगाही डोळ्यांआड व्हायच्या बेतात आहे. व्हिएतनं काय करावं? तो त्या प्रवासात सोबत चालतो, खणायला हात लावतो. प्रियकरानं आपल्या माणसाच्या मेलेल्या बापासाठी जमीन खणणं, यापेक्षा मोठं प्रेम मला सांगता यायचं नाही.

देशाचं आणि लोकांचं निराशाजनक चित्र रंगवल्याचं कारण देऊन या चित्रपटावर व्हिएतनाममध्ये बंदी घातली गेली. मला त्याचा राग येतो. ज्या आईची ही कथा आहे, तशा बाया हनोईत, ह्वेत, वाळूच्या त्या गावांत आजही आहेत, आणि त्यांनाच तो बघायला मिळालेला नाही. झुयेनचा तो बाजार मंजुरीच्या खेपा संपवून शेवटी गावागावांत पोचला होता. हाही पोचायला हवा, आणि त्या बाया हयात आहेत तोवर पोचायला हवा.